नटाचा मास्तर कोणत्या जातीचा?

तीन वर्षांमागं मी एका नाट्यशिबिराला गेलो होतो. कोणाचं शिबिर, कुठलं गाव, ते जाऊ द्या. डाळमिलचे तीन रोज बुडवून गेलो. पहिल्याच सकाळी मास्तरांनी एकेकाला उभं करून उतारा वाचायला लावला. मी ‘पानी’ म्हणलो, ‘काया ढग’ म्हणलो. मास्तर हसले. म्हणाले, "बाळ, नाट्य हा पाचवा वेद आहे. वेद अशुद्ध जिभेनं म्हणत नसतात. तू असं कर, पडद्याकडं जा." पोरंही हसली. मी तीन दिवस पडदा ओढला.

पडदा ओढता ओढता एक प्रश्न डोक्यात घुसला, तो आजपर्यंत निघाला नाही. हा पाचवा वेद पहिल्यांदा शिकवला कोणी? राजाराणीची कामं करणाऱ्या नटाला उभं कसं राहायचं, पाय कुठं टाकायचा, शब्द कसा फेकायचा हे शिकवणारा मास्तर कोणाच्या घरातून यायचा?

शाळा माझी नववीतच सुटली. पण बाबासाहेबांनी १९४६ साली शूद्र पूर्वी कोण होते हे त्यांच्याच पोथ्या उघडून विचारलं. तेव्हा पोथीला भ्यायचं कारण उरलं नाही. गोदावरी केतकरांचं भरतमुनींच्या नाट्यशास्त्रावरचं १९२८ चं पुस्तक वाचनालयात मिळालं, तिथून वाट फुटली. पाळी सुटली की वाचायचं, अंगावरची डाळीची भुकटीसुद्धा न झाडता.

आता ऐका, दोस्तांनो. नाट्यशास्त्र हा सुमारे दोन हजार वर्षांमागचा ग्रंथ. त्याच्या पहिल्याच अध्यायात इंद्र आणि देव ब्रह्मदेवाकडं जातात. म्हणतात, वेद शूद्रांच्या कानावर पडू देता येत नाही, तर सगळ्या वर्णांना चालेल असा पाचवा वेद काढा. म्हणजे पाचवा वेद निघाला तोच मुळी आपल्या कानासाठी! ब्रह्मदेवानं ऋग्वेदातून शब्द, सामवेदातून गाणं, यजुर्वेदातून अभिनय, अथर्ववेदातून रस घेतला आणि इंद्राला म्हणाला, शिकव देवांना. इंद्र म्हणतो, देवांच्यानं हे होणार नाही. मग भरताला बोलावलं. भरतानं आपल्या शंभर पोरांना शिकवलं. पहिला मास्तर तो.

पहिलं नाटक कशाचं? देवांनी असुरांना हरवलं त्याचं. असुर प्रेक्षकांत बसलेले. स्वतःचा पराभव, स्वतःची टिंगल बघून ते उठले, खेळ बंद पाडला, नटांची वाचा बसली. मग इंद्रानं झेंड्याची काठी उचलली आणि असुरांना झोडपलं. त्या काठीचं नाव जर्जर. पुढं तीच काठी रंगभूमीवर पूजेला लागली. मग भिंती बांधल्या, नाट्यगृह झालं, दारावर पहारे बसले. भिंत आणि पहारा कशासाठी आला हे ग्रंथच सांगतो, आपण पदरचं काही घालत नाही.

आणि शेवटचा अध्याय? तो आमच्या शिबिराच्या मास्तरांनी वाचला नसावा. भरताच्या पोरांना कला आली तशी हिंमत आली. त्यांनी प्रहसन बसवलं आणि त्यात ऋषींची नक्कल केली. ऋषी खवळले. शाप दिला: तुमचं ब्राह्मणपण गेलं, तुम्ही शूद्र व्हाल, तुमच्या वंशात जन्मेल तोही शूद्रच. ऋषींची टिंगल केली म्हणून अख्खी जात खाली ढकलली! असुरांची टिंगल केली तेव्हा कोणी शाप दिला नव्हता, उलट काठी चालवली होती.

शाप ही कथा. पण कथेच्या पोटात समाजाची वस्तुस्थिती बसलेली असते. नट आणि त्याला शिकवणारा शूद्र गणला जात होता, त्याचं कारण द्यायला ही कथा रचली. पुरावा इतर ग्रंथांत आहे. मनुस्मृती सांगते, नटाचं अन्न खाऊ नका, नटाची साक्ष घेऊ नका. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात शूद्राच्या कामांच्या यादीत कारागिरी आणि नटपणा जोडीनं येतात. त्याच ग्रंथात गणिका, दासी आणि रंगावर पोट भरणाऱ्या बायांना गाणं, वाजवणं, नाचणं, नाट्य, लिहिणं, चित्र काढणं शिकवणाऱ्यांना राजाच्या तिजोरीतून पोटगी द्यावी असा नियम आहे. म्हणजे मास्तर पगारी आणि शिष्या दासी.

सगळ्यात मला भिडलं ते व्याकरण. पाणिनीला नटसूत्रं माहीत होती. शिलाली आणि कृशाश्व ही नटांच्या दोन आचार्यांची नावं त्याच्या सूत्रात आलेली आहेत. तरी त्याच पाणिनीच्या दुसऱ्या एका सूत्रावर भाष्यकार काय म्हणतात बघा. ज्याच्याकडून रीतसर विद्या घ्यायची त्याच्या नावाला पंचमी विभक्ती लागते. पण नटाचं काही ऐकलं तर? त्याला षष्ठी. कारण ते रीतसर शिकणं धरत नाहीत. बाप्पा! विहिरीवर आपल्याला अडवलं, देवळात अडवलं हे माहीत होतं. नटाला गुरूच्या विभक्तीतूनसुद्धा बाहेर ठेवलं होतं हे मला माहीत नव्हतं.

नाट्यशास्त्राच्या मधल्या पानांत तर आपली अख्खी वस्ती भेटते. नाटकमंडळीत कोण कोण असतं त्याची यादी आहे: मुकुट करणारा, दागिने घडवणारा, माळा ओवणारा, चितारी, कपडे धुणारा-रंगवणारा, कारागीर. सोंगासाठी लागणाऱ्या वस्तू चटया, कापड आणि कातडं जोडून कराव्यात असं सांगितलंय. कातड्याला हात कोणाचा लागतो, हे या अंकाच्या वाचकाला सांगायला पाहिजे का? मृदंगाला पुडी कोण चढवतो? पुढं भाषांचा अध्याय आहे. उत्तम पुरुषपात्रं संस्कृत बोलतात, बायका आणि खालची पात्रं प्राकृत. शिवाय शाबरी, आभीरी, चांडाली अशा बोली सांगितल्या आहेत, त्या त्या पात्राला ती ती बोली आलीच पाहिजे. मृच्छकटिकात चारुदत्ताला वधस्थळी नेणारे दोघं चांडाळ आपल्या बोलीत बोलतात. मग चांडाली बोलणाऱ्या नटाला ती बोली शिकवली कोणी? कुठल्या आचार्याकडं होती ती? कोणी तरी वेशीबाहेर जाऊन कान दिला असेल, नाही तर वेशीबाहेरचाच कोणी आत येऊन शिकवून गेला असेल. त्याचं नाव ग्रंथात नाही. ‘पानी’ म्हणणाऱ्याला पडद्याकडं पाठवणारे या अध्यायाला काय म्हणतील?

आता आपल्या विदर्भाकडं येऊ. कालिदासाचं मालविकाग्निमित्र हे नाटक नटाच्या मास्तरांवरच उभं आहे. राजदरबारात दोन नाट्याचार्य, गणदास आणि हरदत्त. थोर कोण म्हणून दोघं भांडतात. गणदास आपली विद्या कुळातून आलेली असल्याचा अभिमान सांगतो. विदूषक म्हणतो, लावा मेंढ्यांची झुंज, नाही तर यांना फुकटचा पगार कशाला द्यायचा? हे वाचलं आणि मला आमच्या मिलचा मिस्त्री आठवला. नव्या पोराला चाळणी लावायला तोच शिकवतो आणि शेठसमोर त्याचीच थट्टा होते. (नावात ‘दास’ आहे म्हणून गणदासाची जात ठरवू नका. कालिदासही दासच. नावावर इमले बांधायची सवय त्यांची, आपण कशाला उचलायची?) परीक्षा ठरते ती शिष्येवरून. आणि शिष्या कोण? मालविका. विदर्भाची राजकन्या, पण वाटेत दरोडा पडून राणीच्या दासींत येऊन पडलेली. दासी समजूनच तिला नाट्य शिकवलेलं असतं. न्याय देणारी पंडिता कौशिकी, तीही विदर्भातलीच परिव्राजिका. काही अभ्यासक तिला बौद्ध भिक्षुणी मानतात. नाटकाच्या शेवटी विदर्भ दोन भावांत वाटला जातो, मधी वरदा म्हणजे आपली वर्धा नदी.

आणि आपलं वाशिम? जिल्हा १९९८ साली अकोल्यातून निघाला, पण गाव जुनं. वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. दुसऱ्या विंध्यशक्तीचा ताम्रपट इथंच १९३९ मध्ये सापडला, तो संस्कृत-प्राकृत मिसळीत लिहिलेला आहे. इथल्या सर्वसेन राजानं हरिविजय हे काव्य प्राकृतात केलं. इसवी ९०० च्या आसपास राजशेखरानं काव्यमीमांसेत लिहिलं की काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न विदर्भातल्या वत्सगुल्मात लागलं. म्हणजे साहित्याचं लग्न वाशिमला, राजाची कविता प्राकृतात, आणि वाशिमच्या पोराची जीभ अशुद्ध!

असं फक्त आपल्याकडंच झालं नाही. जपानचं नो नाट्य आज त्यांचं अभिजात वैभव समजतात. त्याचा सगळ्यात मोठा गुरू झेआमी. १३७८ साली क्योटोच्या उत्सवात शोगुन योशिमित्सूनं पोरवयाच्या झेआमीला जवळ बसवलं, तर एका सरदारानं रोजनिशीत नाक मुरडलं की हा तर भिकाऱ्यांचा धंदा. त्याच झेआमीनं पुढं नटाला सातव्या वर्षापासून कसं शिकवावं याचा ग्रंथ लिहिला. शिकवणारा खालचा आणि विद्या वरची, ही गाठ तिकडंही आहे.

मग मराठीत मास्तर वरच्या जातीचा कधी झाला? १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं. त्याआधी कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचे खेळ सांगलीत झाले होते, त्यांच्यावरून प्रेरणा मिळाली. १८५५ मध्ये जोतीरावांनी तृतीय रत्न लिहून दक्षिणा प्राइझ कमिटीकडं दिलं, कमिटीनं ते नाकारलं. १८८० मध्ये पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं शाकुंतल आलं. किर्लोस्कर सरकारी नोकरीतले, त्याआधी मास्तरकी केलेले. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल. मृच्छकटिक १८८७ मध्ये मराठीत आणलं ते देवलांनीच, आणि किर्लोस्कर मंडळीत नटांना तालीम देण्यात त्यांचा हातखंडा होता. माणूस मोठा, शारदा लिहिणारा, त्यांच्यावर माझा राग नाही. पण इथून चित्र बदललं. इंग्रजी शिकलेला ब्राह्मण तालीम मास्तर झाला आणि नाटक ‘सभ्य’ झालं.

तरी गाण्याची तालीम बघा. बालगंधर्वांचे गुरू भास्करबुवा बखले. ते शिकले कोणाकडं? फैज महंमद खाँ, नत्थन खाँ, अल्लादिया खाँ. गंधर्व मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष. स्वयंवर १९१६ चं. त्यातल्या रुक्मिणीच्या गळ्यात मुसलमान उस्तादांची विद्या होती आणि टाळ्या देणारे तिला आपली संस्कृती म्हणत होते. मास्टर दीनानाथांची आई येसूबाई गोव्याच्या कलावंत समाजातली. ज्या बायांना देवळाच्या दारात नाचवलं त्यांच्या घरातली ही विद्या.

तमाशात तर हिशोब अजून उघडा. पठ्ठे बापूराव, म्हणजे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वतन सोडून फडावर आले. इतिहासात त्यांचा त्याग लिहिला जातो. पवळा महाराची लेक, तिचं रूप लिहिलं जातं. पण ज्या बोर्डावर बापूराव उभे राहिले तो बोर्ड महार-मांगांनी, कोल्हाट्यांनी पिढ्यान्‌पिढ्या उभा केला होता. तिथं ताल, बतावणी, सोंगाड्याची वेळ शिकवणाऱ्यांना कोणी मास्तर म्हणलं नाही. षष्ठी विभक्ती, दुसरं काय?

स्वातंत्र्यानंतर शाळा निघाल्या. १९५९ मध्ये दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालय आलं. १९६२ ते १९७७ तिथं इब्राहिम अल्काझी संचालक होते. जन्म पुण्याचा, १९२५ चा. बाप सौदी अरब, आई कुवेतची. भारतातल्या शिस्तबद्ध नाट्यशिक्षणाचा पाया ज्यानं घातला तो माणूस कुठल्याच वर्णात बसत नव्हता. केरळात संस्कृत नाटकं आजही करतात, ते कूडियाट्टम. ते शिकवायचा अधिकार चाक्यारांचा, जन्मानं मिळणारा, आणि रंगभूमी देवळाच्या आवारात. १९४९ मध्ये पैंकुळम राम चाक्यारांनी ते देवळाबाहेर आणलं. १९६५ मध्ये केरळ कलामंडलममध्ये वर्ग निघाला तेव्हा तेच शिकवायला बसले आणि दार दुसऱ्या जातींना उघडलं. जातीतल्या मास्तरानंच दार उघडलं याची नोंद मी मुद्दाम करतो. आपण खरं लिहायचं.

आमच्या वस्तीत विहारामागच्या खोलीत आम्ही आता नाटक बसवतोय. विषय तोच, भरताच्या पोरांचा शाप. तालीम घेतो माझा आजा. वय ऐंशीच्या पुढं, सही येत नाही, जवानीत जलशात ढोलकी वाजवायचा आणि पोरांना उभं करायचा. परवा ऋषीचं काम करणारा पोरगा शाप देताना ओरडत होता. आजानं थांबवलं. म्हणाला, "काहून बोंबलतं बे? ज्याच्या हाती सत्ता असते तो हळू बोलते." पोरगा हळू बोलला, आणि खोलीत कोणी हाललं नाही.

मी आजाला विचारलं, हे तुम्हाला कोणी शिकवलं? त्यानं तीन नावं सांगितली. एक हमाल, एक वाजंत्री, एक जोडे शिवणारा. मी वहीत लिहून घेतली. तुमच्या गावचा जलसा, दंडार, तमाशा कोणी बसवला, त्याला कोणी शिकवलं, तो पोट कशावर भरायचा, हे घरच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि अंकाकडं पाठवा. पोस्टकार्डावर मावेल तेवढं चालेल. पण लवकर पाठवा, म्हातारी माणसं थांबत नाहीत.