थंड हवा आणि स्वच्छ हवा

गडचांदूरच्या उन्हाबद्दल मी इतक्यांदा लिहिलंय की पुण्या-मुंबईचे नातेवाईक आता हसतात. आजही सुरुवात उन्हापासूनच आहे, पण विषय जाणार आहे बंदुकीकडे.

माझी नात दहा मीटर एअर रायफल शिकते. गेल्या मे महिन्यात तिच्याकडे गेलो असताना सराव बघायला गेलो. बाहेर आग ओतत होती, आत एसीचा गारवा. दारं-खिडक्या घट्ट बंद. म्हाताऱ्याला बरं वाटलं. सराव संपल्यावर एक पोरगा निशाण्यांखालची जमीन कोरड्या झाडूने झाडू लागला. करडी, बारीक धूळ उठली. तिथेच बाजूला मुली डबे उघडून बसल्या होत्या.

"ही धूळ कसली गं?"

"छर्र्यांची, आबा. शिशाचे असतात ना."

माझा घास अडकला.

१९७० च्या सुमारास कॉलेजात एनसीसीत होतो तेव्हा आम्हीही गोळ्या झाडल्या. पॉइंट टू-टूची रायफल, समोर मातीचा उंच बांध, बाजूला लाल निशाण. चांदमारी म्हणायचे त्याला. धूर निघायचा आणि वाऱ्यावर जायचा. हवेचा वेगळा विचार करायची वेळच आली नाही.

मग ही नेमबाजी खोलीत कधी शिरली? इतिहासाचा मास्तर असल्यामुळे शोधत बसलो. बोअर युद्धाच्या (१८९९-१९०२) काळात इंग्लंडात साध्या नागरिकांनाही नेम धरता यावा म्हणून छोट्या रायफलींचे क्लब निघाले. पॉइंट टू-टूची गोळी लहान, त्यामुळे शहरातल्या हॉलमध्ये सराव करता येई. दुसऱ्या महायुद्धानंतर जर्मनीत हवेच्या बंदुकीची नेमबाजी वाढली. १९६६ मध्ये ती जागतिक स्पर्धेत आली, १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये. म्हणजे बंद हॉल ही थंड मुलखातली सोय. थंडी बाहेर राहावी म्हणून दारं लावलेली. आपण तोच हॉल घेतला, आणि ऊन बाहेर राहावं म्हणून दारं लावली!

पण शिसं आतच राहतं. काडतुसाच्या बंदुकीत ते गोळीतून आणि बहुतेक काडतुसांच्या टोपीतल्या मसाल्यातूनही उडतं, थेट नेमबाजाच्या तोंडासमोर. एअर रायफलीत दारू नाही, म्हणून धोका पुष्कळ कमी. तरी छर्रा लोखंडावर आपटून चुरतो. ती भुकटी जमिनीवर, तिथून हाताला, हातातून डब्यात. शिशाला वास नाही. लहान मुलांच्या मेंदूला त्याची बाधा लवकर होते, आणि जागतिक आरोग्य संघटना म्हणते की शिशाचं सुरक्षित प्रमाण असं काही नाहीच.

अमेरिकेच्या 'नायॉश' या सरकारी संस्थेने १९७५ मध्येच बंद रेंजसाठी उपाय लिहून ठेवले. नेमबाजाच्या पाठीमागून हवा संथ यावी, मिनिटाला साधारण ७५ फूट, आणि निशाण्याच्या बाजूने बाहेर ओढली जावी. आत येते त्यापेक्षा थोडी जास्तच बाहेर जावी. नेहमीचा भिंतीवरचा एसी याच्या उलट करतो. तीच हवा फिरवून गार करतो. हवा थंड होते, स्वच्छ होत नाही.

गारवा नको असं नाही. ते जाड, ताठ जॅकेट घालून उभं राहायचं म्हणजे घामाच्या धारा. पूर्वी कार्बन डायऑक्साइडवर चालणाऱ्या बंदुका होत्या. उन्हाने त्या वायूचा दाब बदलायचा, ३१ अंशांच्या वर तर तो द्रवरूपात राहतच नाही. आमच्याकडे ३१ म्हणजे सकाळचे आठ! पुढे दाबलेल्या हवेच्या बंदुका आल्या आणि ती अडचण गेली.

आता आमच्याकडची शहाणीव बघा. विदर्भात कोणतीही बाई सांगेल, कूलर लावला की समोरची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर नुसती घुसमट. हवा एका बाजूने यावी, दुसरीकडून जावी. त्या सरकारी कागदात याहून वेगळं तत्त्व नाही. (हॉलमध्ये कूलरच लावा असं म्हणत नाही. ओलाव्याने बंदुका गंजतील.)

सून म्हणाली, "बाबा, तिचा क्लासच बंद करू या." मी नको म्हटलं. अंजली भागवतांनी २००० मध्ये सिडनीला अंतिम फेरी गाठली, तेजस्विनी सावंत २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेती झाली, कोल्हापूरकडच्याच स्वप्निल कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकचं कांस्य आणलं. ही वाट आपल्या पोरींसाठी उघडी राहिली पाहिजे. खिडकीही.

मी तिथल्या सरांना भेटलो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आता कोरडा झाडू बंद, ओलं फडकं सुरू. डबे बाहेर, आणि आधी साबणाने हात. झाडणाऱ्या पोराचीही सुटका झाली, त्याचा तर कोणी विचारच केला नव्हता. मागच्या भिंतीतला पंखा मात्र अजून "पुढच्या महिन्यात".

मी दर महिन्याला फोन करतो. मास्तरकीची सवय, गृहपाठ तपासल्याशिवाय सोडत नाही.