चटका न कळणारा हात

भाकरी करताना तव्याचा चटका बसला की आपण हात झटकन मागे घेतो. "भाजलं गं बाई" हे तोंडातून निघायच्या आधीच हात मागे आलेला असतो. हे कसं होतं, आणि ज्या हाताला चटका कळतच नाही त्या हाताचं आपल्या विदर्भात काय झालं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

आपल्या कवटीत सव्वा ते दीड किलोचा मेंदू असतो. त्याच्यापासून पाठीच्या मणक्यांतून खाली उतरतो तो मज्जारज्जू. त्यातून नसांच्या 31 जोड्या निघतात आणि अंगभर पसरतात. इथे नस म्हणजे रक्ताची शीर नव्हे, निरोप नेणारा धागा. काही धागे बातमी वर नेतात: गरम, गार, टोचलं. काही हुकूम खाली आणतात: मूठ आवळ, पाऊल उचल. चटका बसला की मज्जारज्जू परस्पर हुकूम सोडतो. मेंदूला ते मागाहून कळतं.

कोपर आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात ना? तिथली नस कातडीला अगदी लागून जाते आणि करंगळीपर्यंत पोचते. हे कोपर लक्षात ठेवा.

कुष्ठरोगाला जुनी माणसं महारोग म्हणत, मागच्या जन्मीचं पाप म्हणत. 1873 साली नॉर्वेच्या डॉ. हॅन्सन यांनी दाखवलं की हा जंतूचा रोग आहे. हा जंतू कातडीत आणि कातडीजवळच्या नसांत घर करतो: कोपरापाशी, गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला, चेहऱ्यावर. मेंदू शाबूत राहतो, पण मधला धागाच निकामी होतो. मग करंगळी वाकडी होते, पाऊल लोंबतं, पापणी पुरती मिटत नाही. चटका बसला तरी बातमी वर जात नाही, म्हणून हात मागे येत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते. लोक म्हणत, बोटं झडली. 1946 साली वेल्लोरच्या दवाखान्यात आलेल्या डॉ. पॉल ब्रँड यांनी ओळखलं की बोटं आपोआप झडत नाहीत, न कळलेल्या जखमांनी जातात. चांगल्या स्नायूचा दोरा दुसरीकडे जोडून त्यांनी वाकडी बोटं पुन्हा कामाला लावली.

समाजाने मात्र या माणसांना गावाबाहेर काढलं. इंग्रजांच्या 1898 च्या कायद्याने तर निराधार कुष्ठरोग्याला पकडून कोंडता येई, आणि तो लागू असेल तिथे सार्वजनिक विहिरीवर पाणी भरायलाही बंदी घालता येई. तो कायदा रद्द व्हायला 2016 साल उजाडलं.

याच काळात विदर्भातल्या काही माणसांनी उलटी वाट धरली. 1936 मध्ये मनोहरजी दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूरला कुष्ठधाम उभं केलं. 1946 मध्ये डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी अमरावतीला तपोवन सुरू केलं. आपल्या वाशीमला हेच सगळ्यांत जवळचं. 1949 मध्ये बाबा आमटे आणि साधनाताईंनी वरोऱ्याला महारोगी सेवा समिती स्थापली, त्यातून आनंदवन झालं. तिथे रोग्यांच्या हाताला भीक नाही, काम मिळालं.

1980 नंतर दोन-तीन औषधं एकत्र देण्याची पद्धत आली आणि रोग पूर्ण बरा होऊ लागला. ही औषधं सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात, सहा महिने किंवा वर्षभर घ्यायची. पण एकदा मेलेली नस औषधाने परत जागी होईलच असं नाही. म्हणून वेळ महत्त्वाची.

आणि वेळ आपल्या बायकाच दवडतात. चट्टा दुखत नाही, खाजत नाही, म्हणून पदराखाली झाकला जातो. "नवरा टाकून देईल" ही भीती खोटी नव्हती; कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातच लिहिलेलं होतं. 2019 साली ते काढलं गेलं. आता लपवायचं कारण उरलं नाही.

तेव्हा बायांनो, अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, हातपाय बधिर वाटत असतील, चुलीपाशी हाताला फोड येऊनही दुखलं नसेल, तर आशाताईला सांगा. गटाच्या पुढच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की हा विषय आपण काढू. चटका कळतो तोवर हात आपला आहे.