जहाज कुणाचे? मुंबईच्या गोदीचा जमाखर्च



कुरकुंभात उभे राहून जहाजांवर बोलायचे म्हणजे काहींना गंमत वाटेल. आपला हा माळ पावसाची वाट बघणारा. मुंबईचा समुद्र इथून रस्त्याने दोनशे किलोमीटरहून लांब. पण या गावची देवी फिरंगाई. देवीच्या नावावरून इतिहास सिद्ध करायला आम्ही आलेलो नाही. तरी ‘फिरंग’ हा शब्द जरा कान देऊन ऐका. फिरंग म्हणजे सरळ, लांब पात्याची तलवार. तिची पाती युरोपात घडत, जहाजातून पश्चिम किनाऱ्याच्या बंदरांत उतरत आणि घाट चढून देशावर येत. आपल्या ताटातले मीठही त्याच वाटांनी, बैलांच्या पाठीवरून यायचे. म्हणजे समुद्र आपल्यापर्यंत केव्हाच पोचला होता. आपण समुद्रापर्यंत किती पोचलो, हा खरा प्रश्न. तो आज मुंबईच्या गोदीच्या निमित्ताने विचारू.

१७३६ साली लवजी नसरवानजी वाडिया हे पारशी जहाजबांधणी-कारागीर सुरतेहून मुंबईला आले. कंपनी सरकारला मुंबईत जहाजे बांधायची होती आणि सुरतेच्या सुतारांचा लौकिक मोठा होता. १७५० मध्ये मुंबईत सुकी गोदी तयार झाली. सुकी गोदी म्हणजे काय? भरतीच्या पाण्याबरोबर जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी उतरले की दरवाजा लावायचा, आणि मग कोरड्यात उभे राहून जहाजाच्या तळाशी काम करायचे. मुंबईत भरती-ओहोटीचा फरक चांगला मोठा, त्यामुळे निसर्गच अर्धे काम करून द्यायचा. पुढे सुमारे दीडशे वर्षे या गोदीचे मुख्य मेस्त्रीपण वाडिया घराण्यात राहिले.

आता लाकडाचे बघा. इंग्लंडची जहाजे ओक लाकडाची. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात. आपल्या सागवानात तेल असते. ते खिळ्यांना सांभाळते आणि लाकडालाही. त्यात आपल्या सुतारांची जोडकामाची पद्धत अशी, की फळीच्या कडेला खाच पाडून दुसरी फळी तीत बसवायची आणि मध्ये कापूस व राळ भरायची. नेपोलियनशी लढता लढता इंग्लंडात ओकचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश आरमाराला मुंबईची आठवण झाली. १८१० मध्ये ७४ तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात उतरले, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’. दोन्हींचे बांधकाम जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली झाले.

त्यांचेच आणखी एक जहाज ‘ट्रिंकोमाली’. १८१६ च्या मे महिन्यात पारशी रिवाजाप्रमाणे त्याच्या कण्यात चांदीचा खिळा ठोकला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. ही तारीख लक्षात ठेवा मंडळी. त्यानंतर चोविसाव्या दिवशी, ५ नोव्हेंबरला, खडकीची लढाई झाली आणि पेशवाईचा शेवट सुरू झाला. एकीकडे घाटाखाली मुंबईचे सुतार इंग्रजांचे जहाज तासून पुरे करत होते. दुसरीकडे घाटावर आपले राज्य जात होते.

आपल्याला आरमार नव्हते असे नाही. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी जहाजबांधणीला हात घातला. कान्होजी आंग्र्यांनी त्या आरमाराची जरब बसवली. पण १७५६ च्या फेब्रुवारीत काय झाले? तुळाजी आंग्र्यांना नमवण्यासाठी नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांची मदत घेतली आणि विजयदुर्गच्या खाडीत आंग्र्यांचे आरमार जळाले. मुंबईची सुकी गोदी तेव्हा जेमतेम सहा वर्षांची होती. एका बाजूला जहाज बांधण्याचे ज्ञान वर्षानुवर्षे एका जागी साठत होते. दुसऱ्या बाजूला घरच्या भांडणात ते जळत होते. राज्य नुसत्या लढाईत जात नाही, असे आम्ही म्हणतो ते या अर्थाने.

‘ट्रिंकोमाली’चे पुढे काय झाले? १८१९ मध्ये ते इंग्लंडला पोचले. नंतरच्या काळात नाव बदलून मुलांना दर्यावर्दीपणाचे शिक्षण देण्यासाठी वापरले गेले. १९८७ मध्ये ते हार्टलपूल बंदरात नेले. तिथे वर्षानुवर्षे दुरुस्ती झाली, जुने नाव परत मिळाले. दोनशे वर्षे उलटून गेली तरी ते आज तिथे पाण्यावर तरंगते आहे आणि त्यातले निम्म्याहून अधिक लाकूड मूळचे आहे.

आम्ही पडलो तत्त्वज्ञानाचे. आम्हाला इथे ग्रीकांचे जुने कोडे आठवते. थीसियसच्या जहाजाची कुजलेली फळी काढून नवी बसवत गेलो आणि एक दिवस सगळ्याच फळ्या बदलल्या, तर जहाज तेच राहिले का? हे कोडे लाकडापुरते आहे. मुंबईच्या जहाजांनी त्याहून अवघड कोडे घातले: जहाज कुणाचे? लाकूड आपले, हात आपले, खाचेतली अक्कल आपली. पण नकाशा लंडनचा, झेंडा लंडनचा, आणि तोफ कुठे वळवायची हा हुकूमही लंडनचा.

त्या हुकमांचे फळ पाहा. मुंबईत बांधलेले ‘एशिया’ १८२७ मध्ये नवारिनोच्या लढाईत ब्रिटिश सेनापतीचे जहाज होते. त्या लढाईने ग्रीसच्या स्वातंत्र्याची वाट मोकळी झाली. आणि मुंबईचेच ‘कॉर्नवॉलिस’? २९ ऑगस्ट १८४२ रोजी त्याच्याच डेकवर नानकिंगचा तह झाला. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनने हाँगकाँग देऊन टाकले. ती अफू तरी कुठली? बंगालबरोबर माळव्याचीही, आणि माळव्याची अफू मुंबई बंदरातूनच जायची, मुंबईचे व्यापारी तिच्यावर गबर झाले. एकाच गोदीचे सागवान एका देशाच्या स्वातंत्र्याला उपयोगी पडले आणि दुसऱ्याच्या मानहानीला.

आजकाल ‘आपल्या पूर्वजांनी केवढी जहाजे बांधली’ असे संदेश मोबाईलवर फिरतात. अभिमान जरूर धरा, त्याला जागा आहे. पण वही दोन बाजूंची असते. जमेच्या बाजूला सुतारांचे कसब मांडलेत, तर खर्चाच्या बाजूला नानकिंगही लिहा. आणि एक रकाना अजून कोराच आहे, तोही बघा. मुख्य मेस्त्र्यांची नावे इतिहासात आली. करवत ओढणारे, खाच पाडणारे, राळ भरणारे शेकडो हात बिननावाचेच राहिले. त्यांना तर कुणी काहीच विचारले नव्हते.

मुंबईच्या त्या जुन्या गोद्या आज नौदलाच्या गोदीत आहेत. शेजारी माझगावला आपल्या नौदलासाठी युद्धनौका बांधल्या जातात. आता लाकडाच्या जागी पोलाद आले. पण मोठा फरक दुसराच आहे. तेव्हा बांधणाऱ्याला विचारता येत नव्हते की हे जहाज कुणावर चालून जाणार. आज ते विचारता येते, मतदार म्हणून, करदाता म्हणून. मुंबईत राहणाऱ्याला आणि कुरकुंभात राहणाऱ्यालाही. जहाज आपले झाले, म्हणजे त्याचा हिशोबही आपलाच झाला.

इथे आम्ही थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.