नगरचा सामना

1972 चा नोव्हेंबर आहे. तुम्ही पाथर्डी तालुक्यातल्या हायस्कुलात अकरावीला, म्हणजे मॅट्रिकला आहात. यंदाही पावसाने दगा दिलाय. विहिरी कोरड्या, जनावरं मातीमोलाने बाजारात गेलेली. शाळेआधी तुम्ही आईबरोबर दुष्काळी कामावर जाता. खडी फोडायची, ब्रासवर पैसे. बोटांना चिंधी गुंडाळूनही हातोडी चुकली की नख काळं पडतं. अशाच कामांमधून पुढे 1977 चा रोजगार हमी कायदा यायचाय, पण आज तुम्हाला एवढंच ठाऊक आहे की हजेरी बुडली तर पगार बुडतो. घरी मिलोची भाकरी. अमेरिकेहून आलेली ही तांबडी ज्वारी थापतानाच चिरते.

संध्याकाळी कबड्डीचं मैदान. धुरळा बसवायला पाणी नाही, चुन्याऐवजी राखेच्या रेघा. तुमच्या संघातले दोघं दसऱ्यानंतर टोळीबरोबर ऊसतोडीला गेले. आईबापाने मुकादमाची उचल घेतलेली. पोरांना मागे ठेवायचं कुणाकडे? सरांनी नववीतली दोन पोरं त्यांच्या जागी उभी केलीत.

आज जिल्ह्याचा सामना. पहाटेच्या एसटीने तुम्ही नगरला आलात. समोरचा संघ उत्तरेकडचा, प्रवरेच्या कालव्याकाठचा. भंडारदरा धरणाचं पाणी तिकडच्या शिवारात कधीच पोचलंय, प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना 1950 पासून उभा आहे. जिल्हा एकच, पण पाणी तिकडे आणि तहान इकडे, हे वाटप मला आजही टोचतं. त्या पोरांचा यात काही दोष नाही. ती पोटभर जेवून आलीत, एवढंच. आणि ऊसतोडीला गेलेले तुमचे ते दोन गडी आज कदाचित या समोरच्या पोरांच्याच बापांच्या शेतात कोयता चालवत असतील.

उत्तरार्ध. तुम्ही मागे आहात आणि चढाई तुमची. कबड्डी, कबड्डी, कबड्डी. दम तुमचा लांब आहे, पण उपाशीपोटी पायांत गोळे येतात. डावा कोपरा घोटा धरतो, दुसरा कमरेवर येतो. तुम्ही आडवे पडता, हात मध्यरेषेकडे ताणता, बोटावरची चिंधी सुटते. बोट रेषेला लागतं. पंचांची शिट्टी. धरणारे दोघंही बाद!

"आरं ऊठ लवकर, वेळ हाय अजून!" सर बाहेरून ओरडतात.

तुम्ही उठून मागे पळता. आता चढाई त्यांची.