राखणदार आणि लांडगा

प्रवराकाठी दायमाबाद येथे १९७४ साली प्राचीन धातूचा रथ सापडला. बैलजोडी व सारथी यांच्यासह त्याच्या दांडीवर श्वानही उभा आहे! साक्री-शिंदखेड्यापासून जळगावकडील माळांपर्यंत मेंढरे राखणाऱ्या आमच्या वाडवडिलांनी तेच सख्य जपले. आमच्या खंडोबाच्या संगतीसही श्वानच आहे. परंतु हा इमानी राखणदार लांडग्याच्याच कुळातला, हे आम्ही विसरतो. इंग्रजी अमदानीत लांडगा मारणाऱ्यास बक्षीस मिळे; १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यास अभय लाभले. मेंढरू गेल्याचे दुःख आम्ही जाणतो. तथापि ज्ञातिबांधवांस विनंती, की सूडापोटी विष पेरू नये. ते आपल्या राखणदाराच्याही पोटात जाते. वाडा जागता ठेवावा, लांडग्यास रान असू द्यावे.