मासिक भाड्याचें बिऱ्हाड

मुंबईच्या जुन्या चाळींत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या कुटुंबाजवळ घराचा लेखी करार क्वचितच सांपडतो. सांपडतो तो भाडेपावत्यांचा जुडगा. कडा पिवळ्या पडलेला, दोऱ्यानें बांधलेला आणि ट्रंकेच्या तळाशीं दागिन्यांइतक्याच जपणुकीनें ठेवलेला. एवढ्याशा कागदांवर तीन पिढ्यांचा संसार कसा उभा राहिला, हा प्रश्न केवळ वकिलांच्या कुतूहलाचा नव्हे.

मूळ कायदा पाहावा, तर या बिऱ्हाडास आधार असा जवळजवळ नव्हताच. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यानें ठरविलें कीं, उभय पक्षांत वेगळा करार किंवा त्या स्थळाची वेगळी रूढि नसेल, तर शेती व कारखाना यांखेरीज अन्य कामाकरितां दिलेली जागा दरमहाच्या बोलीनें दिली असें समजावें. मालकानें वा भाडेकरूनें पंधरा दिवसांची नोटीस दिली कीं संबंध तुटला. वर्षाहून अधिक मुदतीच्या पट्ट्यास नोंदणी हवी. दरमहाच्या बोलीस तोंडचा शब्द आणि जागेचा ताबा एवढें पुरे. मात्र नोटिशीची मुदत भाडेमहिन्याच्या अखेरीसच संपली पाहिजे, असा दंडक होता. मग महिना पहिल्या तारखेस सुरू झाला कीं पांचवीस, यावर कोर्टांत वाद चाले आणि एका दिवसाच्या चुकीनें दावा बुडे. अशा नोटिशींत दोष हुडकीत बसूं नये, तिचा व्यवहारी अर्थ पाहावा, असें १९१८ सालीं प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें. तरी वकीलमंडळींचा हा उद्योग थांबला नाहीं!

त्याच १९१८ सालीं मुंबईंत या कहाणीस वेगळें वळण लागलें. महायुद्धाच्या दिवसांत शहरांत जागेची टंचाई झाली, आणि पंधरा दिवसांची नोटीस हें मालकाच्या हातचें हत्यार बनलें: भाडें वाढवून द्या, नाहीं तर खोली सोडा. सरकारनें भाड्यास आळा घालणारा युद्धकालीन कायदा केला. तो पुढें संपुष्टांत आला, पण १९३९ सालीं दुसऱ्या महायुद्धाबरोबर तीच गरज पुन्हां उभी राहिली, आणि अखेर १९४७ चा कायदा आला. १ सप्टेंबर १९४० चें भाडें हें प्रमाण धरलें गेलें. तें भाडें व कायद्यानें मान्य केलेली वाढ भाडेकरू देत आहे, तोंवर कायद्यांत सांगितलेल्या कारणांवांचून त्यास घराबाहेर काढतां येईना. पागडी घेणें गुन्हा ठरला आणि भाड्याची लेखी पावती न देणें हाही. त्या जुडग्याची किंमत वाढली ती येथून. पंधरा दिवसांची नोटीस नांवापुरती उरली. भाडेनियंत्रणाखालील दाव्यांत तिची आवश्यकताच नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं सांगून टाकलें.

मालकाचें दुःखही खोटें नव्हे. भाडें गोठलें, पण चुना, लांकूड आणि गवंड्याची मजुरी गोठली नाहीं. इमारती खचल्या, १९६९ सालीं त्यांच्या दुरुस्तीकरितां स्वतंत्र मंडळ काढावें लागलें. पागडी गुन्हा असूनही चालूच राहिली. भाडेकरूचें छप्पर राखणें योग्यच होतें. परंतु त्याचा खर्च एकट्या मालकावर कायमचा लादणें हा न्याय होता, असें आम्हांस वाटत नाहीं. १९९७ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानेंही या तरतुदी आतां वाजवी राहिल्या नाहींत, असें म्हटलें.

३१ मार्च २००० पासून नवा महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा अंमलांत आला. त्यानें पागडीस मान्यता दिली आणि करार लेखी व नोंदलेला असावा, असा दंडक घातला. नोंदणीची जबाबदारी मालकावर; करार नसेल तर, उलट सिद्ध होईपर्यंत, अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें ग्राह्य. पण मुंबईंत नव्यानें येणाऱ्या बिऱ्हाडकरूस बहुधा भाडेकरू म्हणून घेतच नाहींत. त्याच्याशीं अकरा महिन्यांचा परवान्याचा करार होतो. त्याचा कागद मुद्रांकित असतो, नोंदलेला असतो, त्यावर अंगठ्यांचे ठसे असतात. आणि मुदत संपल्यावर तो राहिला, तर त्यास दुप्पट शुल्क भरावें लागतें.