अदृष्ट प्राण्यांची कातडी

साहित्याच्या वर्गात अद्भुताची चर्चा निघाली की आपण हटकून ॲरिस्टॉटलपाशी येतो. शक्य पण न पटणाऱ्या गोष्टीपेक्षा अशक्य पण संभाव्य वाटणारी गोष्ट कवीने पत्करावी, हे ‘पोएटिक्स’मधील त्याचे मत आपण विद्यार्थ्यांना सांगतो. ही संभाव्यता कोठे वसते, या प्रश्नाला कथेपुरते उत्तर सोपे आहे: घटनांच्या कार्यकारणसंबंधात. परंतु चित्रातील वा शिल्पातील जो प्राणी प्रेक्षकाने पाहिलेलाच नाही, त्याच्याविषयी काय म्हणावे? आमच्या मते त्याची संभाव्यता बव्हंशी कातडीत असते. आकार कितीही विचित्र असला तरी चालतो; सुरकुती, खवला, चामखीळ आणि व्रण मात्र ओळखीचे असावे लागतात. या विधानाच्या पुष्टीसाठी इतिहासातील तीन उदाहरणे पाहू.

पहिल्याचा आरंभ आपल्याच किनाऱ्यावर होतो. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने १५१४ मध्ये पोर्तुगीज गव्हर्नर अल्बुकर्क याला एक गेंडा भेट दिला. जानेवारी १५१५ मध्ये तो गोव्याहून जहाजावर चढला आणि २० मे रोजी लिस्बनला उतरला. न्यूरेंबर्गमधील आल्ब्रेख्त ड्यूररने तो कधीच पाहिला नाही. हाती आलेले वर्णन आणि एक रेखाटन एवढ्यावरून त्याने त्याच वर्षी लाकडी ठशाचे चित्र केले. त्यातील गेंड्याच्या अंगावर चिलखताचे पत्रे आहेत, पायांवर खवले आहेत आणि खांद्यांवर एक जादा शिंगही आहे. हे सारे निव्वळ कपोलकल्पित म्हणता येत नाही. भारतीय गेंड्याच्या कातडीला खोल घड्या असतात व मागील भागावर रिव्हेटसारखे उंचवटे असतात. ड्यूररने या अर्धवट माहितीला आपल्या शहरातील ओळखीचा पदार्थ दिला, तो म्हणजे पोलाद. न्यूरेंबर्ग हे चिलखते घडवणाऱ्यांचे गाव होते. गंमत अशी की आपल्याकडे गेंड्याच्या कातड्याच्या ढाली खरोखरच वापरात होत्या, आणि मराठीत ‘गेंड्याची कातडी’ हा निगरगट्टपणाचा वाक्प्रचार आजही आहे. ड्यूररच्या मनात जे रूपक होते ते येथे व्यवहारात होते.

त्याच वर्षी हान्स बुर्कमायर यानेही गेंड्याचे चित्र केले. ते अधिक अचूक आहे. त्यात चिलखत नाही. कातडी आहे आणि पुढच्या पायांना बांधलेला दोर आहे. परंतु लोकांनी विश्वास ठेवला तो ड्यूररवर. १७४० च्या दशकात क्लारा नावाची गेंडी युरोपभर फिरवली जाईपर्यंत त्याचेच चित्र प्रमाण मानले गेले. पुढे गॉम्ब्रिच यांनी ‘आर्ट अँड इल्युजन’ (१९६०) मध्ये दाखवून दिले की ड्यूररची चूक काढणाऱ्या जेम्स ब्रूसच्या प्रवासवर्णनातील गेंडाही, प्रत्यक्ष पाहून काढल्याचा दावा असूनही, त्या जुन्या चिलखतातून पुरता सुटलेला नाही. खुद्द तो प्राणी १५१६ च्या आरंभी पोपकडे भेट म्हणून नेला जात असताना इटलीच्या किनाऱ्याजवळ बुडाला. साखळदंडांनी जखडलेला असल्याने त्याला पोहता आले नाही, असे सांगतात. बुर्कमायरचा दोर खरा ठरला. टिकले मात्र चिलखत.

दुसरे उदाहरण लंडनजवळील सिडनहॅमचे. तेथील क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात १८५४ मध्ये बेंजामिन वॉटरहाउस हॉकिन्स याने विटा, लोखंड आणि सिमेंट वापरून लुप्त प्राण्यांचे महाकाय पुतळे उभे केले. सल्ला रिचर्ड ओवेन या शास्त्रज्ञाचा होता. इग्वॅनोडॉनच्या अंगठ्याचे टोकदार हाड त्यांनी नाकावर शिंग म्हणून बसवले. ही चूक पुढे उघड झाली. तरीही ते पुतळे आजही जिवंत भासतात, कारण हॉकिन्सने सिमेंटमध्ये खवले आणि लोंबत्या कातडीच्या वळ्या घडवल्या आहेत. हाडांविषयी चूक झाली तरी त्वचेने ती सांभाळून घेतली. विज्ञान मात्र थांबले नाही. १९०८ मध्ये अमेरिकेत त्वचेच्या ठशांसह एडमॉन्टोसॉरस सापडला, आणि १९९६ मध्ये चीनमधून पिसांसारखे आवरण असलेला सायनोसॉरॉप्टेरिक्स जगापुढे आला. खवल्यांना सरावलेल्या प्रेक्षकांना पिसे असलेला डायनोसॉर आजही ‘खोटा’ वाटतो. सत्य आणि प्रत्यय यांची फारकत याहून स्पष्ट कोठे दिसेल?

तिसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. तिच्या किरणोत्सारी राखेत एका जपानी मासेमारी नौकेवरील खलाशी सापडले. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ प्रदर्शित झाला. शिल्पकार तेइझो तोशिमित्सु यांनी मातीचे तीन नमुने केले होते: एक खवल्यांचा, एक चामखिळींचा आणि एक सुसरीच्या पाठीसारखा खडबडीत. निवडला गेला तो तिसरा. त्या पोताचा संबंध हिरोशिमातून वाचलेल्यांच्या अंगावरील जाड, उंच व्रणांशी आहे, असे या चित्रपटाचे अभ्यासक सांगत आले आहेत. सुमारे १०० किलोंचा तो पोशाख घालून हारुओ नाकाजिमा चालले, तेव्हा जपानी प्रेक्षकांसमोर निव्वळ सरडा नव्हता. शेजाऱ्याच्या अंगावर पाहिलेली जखम होती. १९५६ च्या अमेरिकी आवृत्तीत अणुबॉम्बविषयीचा बराच संवाद कापला गेला. कातडी मात्र कापता आली नाही.

तिन्ही उदाहरणांतील कारागीर न पाहिलेले दाखवत होते, आणि प्रत्येकाने त्यासाठी आपल्या काळाने पाहिलेले काही उसने घेतले: चिलखत, सरपटणाऱ्यांचे खवले, भाजलेल्या माणसाची त्वचा. म्हणून अद्भुत प्राण्याची त्वचा हा एक प्रकारचा दस्तऐवज आहे, असे आम्हांस वाटते. तो प्राण्याविषयी थोडे आणि पाहणाऱ्यांविषयी बरेच सांगतो. मात्र जो दस्तऐवज सहज पटतो त्याला प्रश्न विचारण्याची सवय अभ्यासकाने सोडू नये. बुर्कमायरच्या चित्राची एकच मूळ प्रत आज शिल्लक आहे; तो दोर पाहायचा तर तीच शोधावी लागते.